नव्या कारखान्याची खाती टॅलीत कशी मांडावीत? (लेजर, ग्रुप, कॉस्ट सेंटर)

पत्रेवाला

भोसरी एमआयडीसीतलं युनिट आहे. काम दोन प्रकारचं: शीट मेटलचे पॅनल आणि कॅबिनेट बनवून विकणं, आणि गिऱ्हाइकाचा माल आणून त्यावर पावडर कोटिंग करून देणं. आतापर्यंत प्रोप्रायटरशिप होती, आता प्रायव्हेट लिमिटेड केली आहे. उलाढाल सहा कोटींच्या आसपास, २८ कामगार, एक टर्म लोन, एक कॅश क्रेडिट.

जुन्या टॅलीत पार्ट्या वगळून ४१० लेजर आहेत. 'ट्रान्सपोर्ट', 'ट्रान्सपोर्टेशन चार्जेस' आणि 'गाडीभाडे' अशी एकाच खर्चाची तीन-तीन नावं. नवी कंपनी टॅलीप्राइममध्ये कोरी उघडायची आहे. हवं आहे ते एवढं:

दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचा नफा-तोटा. वर्षाअखेर शेड्यूल तीनप्रमाणे (कंपनी कायद्यातला ठरलेला नमुना) ताळेबंद बनवताना ऑडिटरला एक्सेलमध्ये पुन्हा जोडाजोड करावी लागू नये. आणि पॅनलचं काम किती कमावतं, कोटिंगचं किती, ते वेगळं दिसावं.

लेजर कुठल्या पायावर मांडायचे?

खतावणी

पाया एकच ठेवा: लेजरचं नाव म्हणजे खर्च किंवा उत्पन्न *कशाचं* आहे. कुठल्या विभागात झालं, कुठल्या गिऱ्हाइकासाठी, कोणाच्या हातून, किती टक्के जीएसटीचं, यातलं काहीही लेजरच्या नावात येता कामा नये. त्या सगळ्याला टॅलीत वेगळ्या जागा आहेत: विभागाला कॉस्ट सेंटर, गिऱ्हाइकाला पार्टी लेजर, मालाला स्टॉक आयटम, कराला आयटमचा मास्टर (टॅलीत एकदाच भरायची मूळ माहिती). ४१० लेजर होतात ते या सगळ्या गोष्टी लेजरच्या नावात कोंबल्यामुळे.

नवा लेजर उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही रक्कम ताळेबंदाच्या किंवा नफा-तोट्याच्या वेगळ्या ओळीत जाते का? हिच्यावर टीडीएस, जीएसटी किंवा आयकराचा वेगळा नियम लागतो का? कोणी ही रक्कम दर महिन्याला वेगळी बघून त्यावर निर्णय घेणार आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर आहे त्याच लेजरला टाका.

उदाहरण डिझेलचं घ्या. जनरेटरचं डिझेल 'वीज व इंधन' या ओळीत जातं, टेम्पोचं डिझेल वाहन खर्चात. वस्तू एक, पंपही एक, पण लेजर दोन, कारण खर्चाचा स्वभाव वेगळा. उलट 'वीज – फॅब्रिकेशन' आणि 'वीज – कोटिंग' हे दोन लेजर नकोत. लेजर एकच, 'वीज बिल', आणि बिल टाकताना कॉस्ट सेंटरमध्ये विभागणी. कोटिंगच्या ओव्हनला सबमीटर बसवला असेल तर विभागणी युनिटवरून करा. नसेल तर जोडलेल्या भारावरून टक्केवारी ठरवा आणि ती वर्षभर बदलू नका.

तेरीज

खतावणींशी सहमत. पण सुरुवात लेजरपासून नको, शेवटच्या कागदापासून मागे या. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल तीनमध्ये नफा-तोट्याच्या ओळी ठरलेल्या आहेत: कामकाजातून महसूल, इतर उत्पन्न, वापरलेला कच्चा माल, विक्रीसाठी आणलेल्या मालाची खरेदी, तयार आणि अर्धवट मालाच्या साठ्यातला फरक, कर्मचारी लाभ खर्च, वित्त खर्च, घसारा, इतर खर्च. तुमचा प्रत्येक लेजर यातल्या नेमक्या एका ओळीत पडला पाहिजे. जो लेजर दोन ओळींत अर्धा-अर्धा जातो तो चुकीचा उघडलेला आहे.

महसुलातही मालाची विक्री, सेवेची विक्री आणि इतर कामकाजी उत्पन्न वेगळं दाखवायचं असतं. तुमच्याकडे विक्रीचे लेजर तीनच पुरतील: पॅनल-कॅबिनेटची विक्री (माल), पावडर कोटिंग जॉबवर्क (सेवा), भंगार विक्री (इतर कामकाजी). 'सेल्स १८% लोकल', 'सेल्स १८% आंतरराज्य' असले लेजर उघडू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले. ज्यांनी दर लेजरच्या नावात घातले होते त्यांची पाटी एका रात्रीत चुकीची झाली.

टीडीएसचंही तेच. 'टीडीएस १९४सी', 'टीडीएस १९४जे' अशी नावं सर्रास दिसतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आणि ही सगळी कलमं ३९३ च्या तक्त्यात गेली. नाव स्वभावावरून द्या: 'टीडीएस देय – ठेकेदार', 'टीडीएस देय – व्यावसायिक फी', 'टीडीएस देय – भाडं', 'टीडीएस देय – पगार'. कलम बदललं तर ते मास्टरमध्ये बदलायचं, लेजरच्या नावाला हात लावायचा नाही.

पत्रेवाला

दोघांचेही आभार. टॅलीचे स्वतःचे ग्रुप आणि शेड्यूल तीनच्या ओळी जुळत नाहीत, तिथे अडलो आहे. उदाहरणार्थ कामगारांची मजुरी आतापर्यंत 'डायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्ये आणि ऑफिसचा पगार 'इनडायरेक्ट'मध्ये जायचा. शेड्यूल तीनमध्ये दोन्ही एकाच ओळीत आहेत.

तेरीज

टॅलीत तयार ग्रुप २८ येतात, त्यातले १५ मुख्य आणि १३ पोटग्रुप. मुख्य ग्रुपना हात लावायचा नाही, त्यांच्या खाली आपले पोटग्रुप उघडायचे. ग्रॉस प्रॉफिटच्या वर की खाली हे टॅली मुख्य ग्रुपवरून ठरवते, त्यामुळे तुमच्या अडचणीला वळसा असा:

डायरेक्ट एक्स्पेन्सेसखाली 'कर्मचारी लाभ – उत्पादन', 'वीज व इंधन', 'बाहेरची प्रक्रिया', 'स्टोअर्स व सुटे भाग', 'आवक वाहतूक'.

इनडायरेक्ट एक्स्पेन्सेसखाली 'कर्मचारी लाभ – कार्यालय', 'वित्त खर्च', 'घसारा', 'इतर खर्च'. 'इतर खर्च' फोडून खाली 'दुरुस्ती – इमारत', 'दुरुस्ती – यंत्रं', 'विमा', 'भाडं', 'दर व कर', 'विक्री व जावक वाहतूक', 'ऑडिटरचं मानधन', 'किरकोळ'. शेड्यूल तीन यातल्या बहुतेक गोष्टी नोट्समध्ये वेगळ्या मागतं, म्हणून ही फोड आधीच करून ठेवायची.

महिन्याच्या अहवालात ग्रॉस प्रॉफिट दिसेल, आणि वर्षाअखेर 'कर्मचारी लाभ' नावाच्या दोन पोटग्रुपांची बेरीज केली की ओळ तयार.

'किरकोळ खर्च'वर लक्ष ठेवा. महसुलाच्या एक टक्का किंवा एक लाख रुपये, यातलं जे जास्त असेल त्याहून मोठी बाब वेगळी दाखवावी लागते. सहा कोटींवर ती मर्यादा सहा लाख. पण तुमच्या आकाराच्या युनिटमध्ये किरकोळ खर्च महिन्याला १० हजारांच्या वर गेला तरी कॅशियरने विचार न करता नोंदी केल्या असं समजा, आणि महिन्याच्या महिन्याला तो लेजर उघडून वाटून टाका.

खतावणी

पगाराच्या भागात महाराष्ट्रात हमखास होणारी एक चूक सांगतो. व्यवसाय कर दोन प्रकारचा असतो. कामगारांच्या पगारातून कापलेला (महिना २००, फेब्रुवारीत ३००) तो पीटीआरसीचा, आणि कंपनीचा स्वतःचा वर्षाला २,५०० तो पीटीईसीचा. पहिला देणं आहे, खर्च नाही. दुसरा 'दर व कर'मधला खर्च. दोन्ही एका 'प्रोफेशनल टॅक्स' लेजरमध्ये टाकले की वर्षाअखेर त्या लेजरची बाकी कशाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

पीएफचंही तसंच. कामगाराचा १२ टक्के वाटा 'पीएफ देय – कामगार' या देण्याच्या लेजरला. कंपनीचा वाटा 'पीएफ – मालक वाटा' या खर्चाच्या लेजरला नावे आणि 'पीएफ देय – मालक'ला जमा. चलन भरलं की दोन्ही देय लेजर शून्य. ईएसआयसीलाही तीच जोडी, ०.७५ आणि ३.२५ टक्के. महिनाअखेर या चार लेजरांत फक्त एका महिन्याची रक्कम दिसली पाहिजे, त्याहून जास्त असेल तर एखादं चलन चुकलेलं आहे.

दमडी

जीएसटीचे लेजर किती ठेवायचे? आमच्याकडे 'इनपुट सीजीएसटी ९%', 'इनपुट सीजीएसटी २.५%' असे १८ आहेत.

कॉस्टिंगकट्टा

दर काढून टाका. इनपुटचे, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचे, तीन (केंद्राचा सीजीएसटी, राज्याचा एसजीएसटी, परराज्य व्यवहाराचा आयजीएसटी), आउटपुटचे, म्हणजे विक्रीवर घेतलेल्या कराचे, तीन, रिव्हर्स चार्जच्या (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायच्या कराच्या) देण्याचे तीन, आणि पोर्टलवरच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरसाठी एक. पत्रेवाल्यांच्या कामात भंगार आहे म्हणून आणखी एक: 'जीएसटी टीडीएस येणे'. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूचं भंगार घेणारा नोंदणीकृत खरेदीदार अडीच लाखांवरच्या करारावर दोन टक्के कापतो. पोर्टलवर ती कपात स्वीकारली की पैसे कॅश लेजरमध्ये येतात, आणि तेव्हाच हा लेजर शून्य करायचा. हे पैसे 'टीडीएस येणे – आयकर'मध्ये गेले तर आयकर विवरणपत्राच्या वेळी कशाशीच जुळत नाहीत.

रिव्हर्स चार्ज आउटपुटमध्ये मिसळू नका. तो इनपुट क्रेडिटमधून फेडता येत नाही, रोखच भरावा लागतो. तुमच्याकडे तो दोन ठिकाणी येईल: ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यावर, आणि शेडचा मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल तर शेडच्या भाड्यावर.

तीन इनपुट वेगळे ठेवण्यामागे पैशाचं कारण आहे. समजा महिन्याला आउटपुट सीजीएसटी १,८०,००० आणि एसजीएसटी १,८०,०००. इनपुट सीजीएसटी १,२०,०००, एसजीएसटी १,२०,०००, आणि परराज्यातून पत्रा आणल्यामुळे आयजीएसटी ७०,०००. आयजीएसटीचं क्रेडिट आधी संपवावं लागतं, पण सीजीएसटी आणि एसजीएसटीत ते कसं वाटायचं हे तुमच्या हातात आहे. निम्मं-निम्मं वाटलं तर दोन्हीकडे २५,००० रोख, एकूण ५०,०००. सगळं ७०,००० सीजीएसटीला लावलं तर सीजीएसटीचं १०,००० क्रेडिट पडून राहतं आणि एसजीएसटीचे ६०,००० रोख भरावे लागतात, कारण सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही. 'इनपुट जीएसटी' असा एकच लेजर असला की हे आकडे आधी डोळ्यांसमोर येतच नाहीत.

सेट-ऑफची, म्हणजे आउटपुटमधून इनपुट वळतं करण्याची, जर्नल एन्ट्री दर महिन्याला करा. ती झाल्यावर तिन्ही इनपुट लेजरांची बाकी पोर्टलच्या क्रेडिट लेजरशी पडताळा. तफावत असेल ती एक तर पुरवठादाराने न दाखवलेलं बिल, नाही तर क्रेडिट मिळतच नाही अशा खर्चावर, म्हणजे जेवण, कँटीन वगैरेवर, चुकून घेतलेलं क्रेडिट. असला कर वेगळ्या लेजरला न टाकता त्या खर्चातच मिळवा.

पत्रेवाला

लेजरला कोड द्यावेत का? काही जण म्हणतात टॅलीत गरज नाही.

तेरीज

टॅलीत नावावरून शोध होतो, त्यामुळे कोडशिवाय काम चालतं. माझं मत तरी द्यावेत असं आहे. कारण उद्या दुसरं युनिट झालं, किंवा टॅलीतून डेटा बाहेर काढून महिन्यांची तुलना करायची झाली, की नावांच्या स्पेलिंगवर जुळणी फसते, कोडवर फसत नाही. कोड एलियासमध्ये (लेजरच्या दुसऱ्या नावाच्या रकान्यात) टाका, म्हणजे नाव स्वच्छ राहतं आणि व्हाउचरमध्ये कोड टाइप केला तरी लेजर सापडतो.

चार अंकी पुरे. १ मालमत्ता, २ देणी, ३ भांडवल व राखीव, ४ उत्पन्न, ५ माल व उत्पादन, ६ कर्मचारी, ७ इतर खर्च, ८ वित्त व घसारा. मधे दहाची फट ठेवा. ५२१० वीज बिल, ५२२० जनरेटर डिझेल, ५२३० ओव्हनचा गॅस. ५२११ पासूनचे आकडे रिकामे असू द्या. सलग नंबर दिले तर सहा महिन्यांत गॅसच्या पुढे विमा येतो आणि क्रमाला अर्थ उरत नाही.

खतावणी

कोडपेक्षा नावाची शिस्त जास्त कामाची. एकच भाषा, एकच क्रम, आधी मूळ शब्द आणि मग भेद: 'वाहतूक – आवक', 'वाहतूक – जावक', 'दुरुस्ती – यंत्रं', 'दुरुस्ती – इमारत'. असं केलं की यादीत सगळी वाहतूक एकाखाली एक दिसते आणि चौथं 'गाडीभाडं' उघडायला हात धजत नाही. लेजर उघडण्याचा हक्क एकाच माणसाला द्या. टॅलीच्या सिक्युरिटीत डेटा एन्ट्रीवाल्याला मास्टर तयार करणं बंद करता येतं. अडचण आली तर तो रक्कम 'सस्पेन्स' या तात्पुरत्या खात्यात टाकेल आणि विचारेल. महिनाअखेर सस्पेन्स शून्य, हा नियम.

'वाहतूक' दोन का, तेही सांगतो. पत्रा आणण्याचं भाडं मालाच्या किमतीत धरलं जातं, त्यामुळे ते साठ्याच्या मूल्यातही यायला हवं. तयार पॅनल पोचवण्याचं भाडं विक्रीचा खर्च, त्याचा साठ्याशी संबंध नाही. आवक वाहतूक खरेदीच्या व्हाउचरमध्येच टाकायची असेल तर व्हाउचर टाइपमध्ये 'ट्रॅक ॲडिशनल कॉस्ट्स फॉर पर्चेसेस' चालू करा आणि लेजरमध्ये वाटप 'क्वांटिटी'वर ठेवा, पत्रा किलोत मोजत असाल तर तेच वजनावरचं वाटप. पत्र्याला वजनच बरोबर, किमतीवर वाटलं तर स्टेनलेसवर विनाकारण जास्त भाडं चढतं.

दमडी

सूक्ष्म-लघु पुरवठादार वेगळे दाखवावे लागतात ना? त्यांच्यासाठी क्रेडिटर्सखाली वेगळा ग्रुप करावा का?

कॉस्टिंगकट्टा

करावा. 'माल – सूक्ष्म व लघु', 'माल – इतर', 'खर्च – सूक्ष्म व लघु', 'खर्च – इतर'. ताळेबंदात ट्रेड पेयेबल्सच्या (पुरवठादारांच्या देण्यांच्या) दोन ओळी थेट मिळतात. शिवाय करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस ही त्यांचे पैसे देण्याची मुदत आहे. मुदतीबाहेर गेलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही. जुन्या कायद्यात ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद तीच.

तेरीज

इथे मी वेगळं सांगेन, कारण टॅलीचा एक स्वभाव आहे जो फार कमी लोक लक्षात घेतात. टॅलीत ग्रुप हा लेजरच्या मास्टरला चिकटलेला असतो, तारखेला नाही. आज तुम्ही एखाद्या पुरवठादाराला 'सूक्ष्म व लघु'मधून 'इतर'मध्ये हलवलं की गेल्या वर्षीचा ताळेबंदही त्याच क्षणी बदललेला दिसतो. एकूण बेरीज जुळते, पण ओळी सही झालेल्या ताळेबंदाशी जुळत नाहीत. आणि हा दर्जा बदलता आहे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाच वाढल्या: सूक्ष्मसाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी, लघुसाठी २५ आणि १०० कोटी. काल मध्यम असलेला आज लघु झाला.

म्हणून ग्रुप फक्त दोन करा, मालाचे आणि खर्चाचे. उद्यम क्रमांक (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) आणि दर्जा पार्टीच्या मास्टरमध्ये भरा. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याची सोय आहे, आणि मुदतीबाहेरची बिलंही त्यावरून काढता येतात. एक लक्षात घ्या: उद्यम नोंदणी असलेला नुसता व्यापारी या मुदतीच्या तरतुदीत येत नाही. पत्रा विकणारा स्टॉकिस्ट आणि लेसर कटिंग करून देणारा वर्कशॉपवाला, दोघांकडेही प्रमाणपत्र असेल, पण पत्र्याचा व्यापारी वेगळा मोजायचा. त्यामुळे प्रमाणपत्रावरचा व्यवसायाचा प्रकार वाचूनच मास्टर भरा.

कॉस्टिंगकट्टा

हा मुद्दा मान्य. मग ग्रुप बदलायचेच झाले तर १ एप्रिललाच बदलावेत, आणि त्याआधी सही झालेल्या ताळेबंदाची पीडीएफ आणि डेटाचा बॅकअप वेगळा ठेवावा.

तेरीज

बरोबर. आणि कंपनी आहे म्हणून 'टॅलीप्राइम एडिट लॉग' हीच आवृत्ती घ्या. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे. साध्या टॅलीप्राइममध्ये लॉग बंद ठेवता येतो, एडिट लॉगमध्ये येत नाही. ऑडिटरला अहवालात त्यावर लिहावं लागतं.

मुक्तस्रोत

टॅलीऐवजी ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडं. तिथे खात्यांचा चार्ट झाडासारखा असतो, ग्रुपवर नोंद होत नाही, फक्त शेवटच्या फांदीवर होते. नोंद झालेल्या खात्याचा नंतर ग्रुप करता येत नाही, म्हणून 'दुरुस्ती'सारखं खातं पहिल्या दिवशीच ग्रुप करून त्याखाली दोन खाती उघडा. टॅलीत प्रत्येक गिऱ्हाईक हा लेजर असतो. तिथे 'डेटर्स' हे एकच खातं असतं आणि गिऱ्हाईक पार्टी म्हणून वेगळं. टॅलीतून सगळ्या पार्ट्या खाती म्हणून उचलून नेल्या की येणी-देण्यांचे अहवाल कोरे येतात. 'माल आला, बिल नाही' या खात्याची बाकीही महिनाअखेर बघा. ती वाढतच असेल तर एक तर पुरवठादाराची बिलं चढवलेली नाहीत, नाही तर बिल चढवताना ते पावतीला जोडलेलं नाही.

पत्रेवाला

टर्म लोनचे दोन लेजर करावेत का, पुढच्या १२ महिन्यांत फेडायचा भाग आणि उरलेला?

तेरीज

नाही. लेजर एकच, बँकेच्या स्टेटमेंटशी रुपयाला रुपया जुळणारा. पुढच्या १२ महिन्यांचा हप्त्यातला मुद्दलाचा भाग ३१ मार्चला फक्त ताळेबंद मांडताना अल्पमुदतीच्या कर्जात दाखवायचा. २०२१ च्या दुरुस्तीपासून त्याची जागा तीच आहे. मोठी चूक होते ती हप्त्याच्या नोंदीत: पूर्ण हप्ता कर्जाला नावे टाकला जातो, व्याज खर्चात येतच नाही, आणि वर्षाअखेर एकदम लाखोंचं व्याज निघतं. महिन्याच्या नफ्याला तेव्हा काही अर्थ उरत नाही. बँकेने व्याज लावलं त्या दिवशी व्याज खर्चाला नावे, कर्जाला जमा. हप्ता गेला की कर्जाला नावे, बँकेला जमा.

वीज मंडळाची किंवा शेडमालकाची अनामत 'डिपॉझिट्स'मध्येच, पण ताळेबंदात ती इतर दीर्घकालीन मालमत्तेत जाते, हेही त्याच दुरुस्तीतलं.

खतावणी

अनामतीचा विषय निघालाच आहे तर महावितरणचं बिल नीट बघा. अनामतीवरचं व्याज ते बिलातूनच वजा करून देतात, आणि बहुतेक ठिकाणी निव्वळ भरलेली रक्कम 'वीज बिल' म्हणून चढते. समजा विजेचे २,४६,३०० झाले, व्याज १४,८००, त्यावर टीडीएस १,४८०. भरायचे २,३२,९८०. नोंद अशी:

वीज बिल नावे २,४६,३००
टीडीएस येणे – आयकर नावे १,४८०
व्याज उत्पन्न – अनामत जमा १४,८००
महावितरण जमा २,३२,९८०

निव्वळ रक्कम चढवली तर १,४८० रुपयांचं क्रेडिट घेताना त्याचं उत्पन्न वहीत नसतं आणि आयकर खात्याच्या नोंदीशी फरक पडतो. शिवाय त्या महिन्यात कोटिंगचा विजेचा खर्च खरा होता त्यापेक्षा कमी दिसतो.

कॉस्टिंगकट्टा

कोटिंगच्या नफ्याबद्दल. कॉस्ट सेंटर तीन करा: फॅब्रिकेशन, कोटिंग, सामाईक. 'सामाईक' ठेवलं नाही तर मॅनेजरचा पगार कुठेतरी कोंबला जातो. महिनाअखेर सामाईक रक्कम ठरलेल्या प्रमाणात दोघांवर टाका, पण जर्नलने नको, अहवालात. जर्नलने केलं तर मूळ आकडा सापडत नाही.

तुमच्या पॅनलना तुम्हीच कोटिंग करता, हे विसरू नका. कोटिंग विभागाचं काम विकल्या गेलेल्या जॉबवर्कपुरतं मोजलं तर तो तोट्यात दिसेल, कारण अर्धा ओव्हन पॅनलसाठी तापतो. कोटिंगच्या क्षेत्रफळाची रोज नोंद ठेवा, स्वतःचं किती आणि बाहेरचं किती. खर्च त्यावर वाटा.

गिऱ्हाइकाचा कोटिंगला आलेला माल तुमचा साठा नाही. टॅलीत त्यासाठी वेगळं गोडाऊन उघडा आणि 'थर्ड पार्टी स्टॉक विथ अस' हो करा. तुमचा माल बाहेर गॅल्व्हनायझिंगला गेला तर उलट, 'अवर स्टॉक विथ थर्ड पार्टी'. हे नसेल तर ३१ मार्चला मोजणी करताना दुसऱ्याचे पॅनल तुमच्या ताळेबंदात येतात. बाहेर दिलेला माल एक वर्षात परत यावा लागतो, नाही तर जीएसटीत तो दिला त्या दिवशीची विक्री धरली जाते.

पत्रेवाला

शेवटचा प्रश्न. प्रोप्रायटरशिपची ३१ तारखेची तेरीज (ट्रायल बॅलन्स) नव्या कंपनीत ओपनिंग बॅलन्स म्हणून टाकायची ना?

तेरीज

अजिबात नाही. नवी कंपनी कोरी जन्माला येते, तिला ओपनिंग बॅलन्स नसतात. पहिली नोंद भागधारकांनी भरलेल्या भांडवलाची. धंदा कंपनीकडे आला तो हस्तांतरणाच्या करारानुसार, त्या तारखेला, जर्नलने. 'व्यवसाय हस्तांतरण' असा एक लेजर उघडा. यंत्रं, साठा, येणी नावे, देणी आणि कर्ज जमा, फरक या लेजरला. मोबदला म्हणून शेअर दिले किंवा रक्कम मालकाच्या नावे कर्ज म्हणून ठेवली की हा लेजर शून्य व्हायला हवा. मालकाचं जुनं भांडवल खातं थेट शेअर भांडवल होत नाही. पडून असलेलं जीएसटी क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून न्यायचं, आणि नव्या क्रमांकाखाली ते मिळाल्यावरच इनपुट लेजरला नावे करायचं.

येणी आणताना प्रत्येक बिल वेगळ्या रेफरन्सने आणा, एकत्र 'ऑन अकाउंट' नको. रेफरन्समध्ये जुना बिल नंबर आणि तारीख लिहा. नाही तर ती येणी हस्तांतरणाच्या दिवशी जन्मल्यासारखी दिसतात आणि सहा महिन्यांच्या वरची, वर्षावरची अशी वर्गवारी चुकते.

खतावणी

यंत्रांना प्रत्येक गटाचे दोन लेजर करा, 'यंत्रं – मूळ किंमत' आणि 'यंत्रं – एकूण घसारा'. किमतीतूनच घसारा वजा करत गेलात तर नोटमध्ये मूळ किंमत, वाढ, विक्री आणि एकूण घसारा वेगळा दाखवता येत नाही. यंत्र-यंत्राची यादी एक्सेलमध्ये, तिची बेरीज लेजरशी जुळलेली. आयकराचा घसारा वहीत आणू नका. वहीत कंपनी कायद्याचं आयुर्मान, म्हणजे यंत्रांना साधारण १५ वर्षं, संगणकाला तीन. आयकराचे १५ आणि ४० टक्के त्या वेगळ्या तक्त्यात.

दमडी

आणि राउंड ऑफ?

खतावणी

एकच लेजर, इतर खर्चात. वर्षाअखेर बाकी शंभर-दोनशेच्या वर गेली असेल तर उघडून बघा, आत कोणीतरी पार्टीचा न जुळणारा फरक ढकललेला असतो.